खुर्ची कुणाची, कायदा कुणाचा? त्रिनिदादच्या विधिमंडळाची गोष्ट

(स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निवडून आलेल्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्राचा विषय 'सत्तेत स्त्रिया' असा आहे. आपल्याकडचे अनुभव तुम्ही सकाळपासून सांगता आहातच. ग्रामसेवक कागद दाखवत नाही, ठराव आधीच लिहून ठेवलेला असतो, सभेत नवराच बोलतो. त्यात मी आणखी भर घालणार नाही. मी तुम्हाला एका लांबच्या बेटाची गोष्ट सांगणार आहे. तिथले लोक पारतंत्र्यातून स्वराज्याकडे पायरी पायरीने कसे गेले आणि प्रत्येक पायरीवर बायकांच्या वाट्याला काय आलं, हे बघू. लांबचं बघितलं की जवळचं जास्त स्पष्ट दिसतं, असा माझा अनुभव आहे.

हे बेट म्हणजे त्रिनिदाद. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला, कॅरिबियन समुद्रात. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही थोडं लहान. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीज हे नाव आपल्याला माहीत असतं, त्यातलंच हे एक. १७९७ साली इंग्रजांनी ते स्पेनकडून जिंकलं. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. गुलामगिरी संपली ती १८३४ ते १८३८ या काळात. मग मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली गेली. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली. यालाच गिरमिट म्हणत.

शंभर पुरुषांमागे चाळीस बायका जहाजावर असल्याच पाहिजेत, असा नियम सरकारने केला होता. दलाल बायका शोधत फिरायचे. गेलेल्यांपैकी कितीतरी जणी एकट्या होत्या. विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, घर सोडून निघालेल्या होत्या. मळ्यावर त्यांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळायची. नवऱ्याने किंवा सोबतच्या पुरुषाने बायकोचा खून केल्याची प्रकरणं मळ्यांवर वारंवार घडत, आणि अधिकारी अहवालात लिहीत की बायकाच चंचल आहेत. ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

या गिरमिटाच्या विरोधात आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात ठराव मांडला. ही पद्धत समूळ बंद करा, अशी मागणी होती. बिनसरकारी हिंदी सभासदांनी पाठिंबा दिला. ठराव पडला, कारण सभागृहात सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. आता त्रिनिदादचं सभागृह बघायला गेलो की तिथेही हेच दिसणार आहे.

सभागृह कसं चालायचं?

त्रिनिदाद ही 'क्राउन कॉलनी' होती. म्हणजे तिथे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं. शेजारच्या बार्बाडोस-जमैकात गोऱ्या मळेवाल्यांच्या जुन्या विधानसभा होत्या. त्रिनिदादला ती दिली गेली नाही. याचं एक कारण असं की तिथे मिश्रवंशीय स्वतंत्र जमीनदार बरेच होते. निवडणूक दिली असती तर त्यांनाही मत द्यावं लागलं असतं. म्हणून गव्हर्नर, त्याच्या हाताखालचे खातेप्रमुख आणि त्याने नेमलेले प्रतिष्ठित मळेवाले-व्यापारी, एवढ्यांचं मिळून कौन्सिल.

लोकांना हे मुकाट्याने मान्य होतं असं नाही. १९०३ साली राजधानीत, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, पाणीपट्टीचा वटहुकूम येत होता. करदात्यांनी विरोध केला. कौन्सिलची बैठक ऐकायला लोक येणार म्हटल्यावर सरकारने प्रेक्षागृहात तिकीट लावलं. तिकीट असेल तरच आत! २३ मार्चला बाहेर प्रचंड जमाव जमला. त्यात बायकाही होत्या. दगडफेक झाली, सरकारी इमारत 'रेड हाउस' जळून खाक झाली, पोलिसांच्या गोळीबारात सोळा माणसं मेली. पाणी हा बायकांचा रोजचा प्रश्न. त्यावर निर्णय घेणारे आत, आणि पाणी भरणाऱ्या बाहेर.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी पहिली पायरी आली. १९२१-२२ मध्ये मेजर वुड नावाचे ब्रिटिश उपमंत्री पाहणीला गेले. हेच पुढे लॉर्ड आयर्विन म्हणून आपल्याकडे व्हाइसरॉय झाले. गांधी-आयर्विन करारातले ते आयर्विन. त्यांच्या शिफारशीने १९२५ साली त्रिनिदादमध्ये पहिली निवडणूक झाली.

आता हिशेब बघा. कौन्सिलात बारा सरकारी अधिकारी. तेरा बिनसरकारी, पण त्यातले सहा गव्हर्नरने नेमलेले आणि फक्त सात निवडून आलेले. अध्यक्ष स्वतः गव्हर्नर, त्याला स्वतःचं मत आणि वर निर्णायक मत. अधिकाऱ्यांना सरकारच्या बाजूनेच हात वर करावा लागे. म्हणजे सातही जण एकमुखाने बोलले तरी काही व्हायचं नाही. मत देण्याचा अधिकार मालमत्ता आणि उत्पन्नावर होता. लोकसंख्येपैकी जेमतेम सहा टक्के लोक मतदार झाले. पुरुषाला एकविसाव्या वर्षी मत, बाईला तिसाव्या. आणि कौन्सिलची सभासद मात्र बाई होऊच शकत नव्हती. मत दे, पण बसू नको!

या सातांत कॅप्टन आर्थर सिप्रियानी होते. मजुरांचे खंदे पुढारी. आठ तासांचा दिवस, अपघाताची भरपाई, यासाठी ते कौन्सिलात सतत भांडले. 'अनवाणी माणसाचा कैवारी' ही त्यांची ओळख. पण १९३१ साली सरकारने घटस्फोटाचं विधेयक आणलं. तोवर सर्वसाधारण लोकांना घटस्फोटाची सोयच नव्हती. कॅथलिक चर्चने विरोध केला आणि सिप्रियानी चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्याच संघटनेतले पुष्कळ कार्यकर्ते यामुळे नाराज झाले. विधेयक शेवटी मंजूर झालं, तेही सरकारी पाठबळावर.

यातून काय दिसतं? लोकांनी निवडून दिलेला, कष्टकऱ्यांचा प्रामाणिक पुढारी बाईच्या सुटकेच्या वेळी विरोधात, आणि कुणीही न निवडलेले साहेब बाजूने. म्हणून साहेबांचं राज्य चांगलं, असं मी म्हणत नाही. त्याच साहेबांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या. पण 'आपला माणूस' सभागृहात गेला की आपलेही प्रश्न आपोआप जातील, या समजुतीत राहू नये, एवढं यातून कळतं.

दोन बायका, दोन वाटा

आता त्या काळातल्या दोन बायकांविषयी सांगते.

पहिली ऑड्री जेफर्स. जन्म १८९८ चा, सुखवस्तू काळ्या कुटुंबातला. इंग्लंडमध्ये समाजकार्याचं शिक्षण घेतलं, म्हणजे माझ्याच व्यवसायातली. परत येऊन १९२१ साली तिने मध्यमवर्गीय काळ्या आणि मिश्रवंशीय बायकांची समाजसेविकांची संघटना काढली. शाळेतल्या गरीब मुलांसाठी जेवणाच्या शेड सुरू केल्या, त्यांना 'ब्रेकफास्ट शेड' म्हणत. अंध मुलींचा आश्रम, पाळणाघरं, कामकरी मुलींसाठी वसतिगृह अशी कामं वाढत गेली. १९३६ मध्ये ती पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरपालिकेवर निवडून आली. निवडणुकीने असं पद मिळवणारी त्या वसाहतीतली ही पहिली बाई. १९४६ मध्ये गव्हर्नरने तिला विधिमंडळावर नेमलं. तिथेही ती पहिलीच.

दुसरी एल्मा फ्रँस्वा. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावर कापूस वेचणाऱ्या घरातली. १९१९ च्या सुमारास पोटासाठी त्रिनिदादला आली, लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली. तिने सोबत्यांबरोबर बेकारांची आणि गरिबांची संघटना बांधली, भुकेल्यांचे मोर्चे काढले. चौकात उभी राहून बोलायची. ऑड्री शेडमध्ये मुलांना वाढत होती, आणि एल्मा चौकात विचारत होती की ही मुलं उपाशी का?

१९३७ च्या जूनमध्ये तेलविहिरींवरच्या कामगारांनी ट्युबल उरिया बटलर यांच्या नेतृत्वाखाली संप केला. १९ जूनला फायझाबादला पोलीस बटलरना पकडायला गेले आणि आग भडकली. संप उसाच्या मळ्यांपर्यंत, बंदरापर्यंत पसरला. काळे आणि हिंदी मजूर एकत्र आले. हिंदी वंशाचे वकील एड्रियन कोला रिएन्झी हे तेल आणि साखर या दोन्ही कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. एल्मानेही राजधानीत सभा घेतल्या. तिच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. त्रिनिदादमध्ये या आरोपाखाली उभी राहिलेली ती पहिली बाई. १९३८ साली कोर्टात तिने स्वतःचा बचाव स्वतः केला. वकील नाही, पदवी नाही. आपण मजुरांच्या परिस्थितीविषयी काय बोललो आणि का बोललो, हे तिने ज्युरीला समजावून सांगितलं आणि ती निर्दोष सुटली. १९४४ मध्ये ती वारली. सर्वांना मताधिकार मिळून झालेली पहिली निवडणूक बघायला ती राहिली नाही.

या दोघींतली कोण बरोबर, असा प्रश्न समाजकार्याच्या वर्गात हमखास विचारला जातो. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. ऑड्रीच्या शेडमध्ये जेवलेल्या मुलाला त्या दिवशी अन्न मिळालं, हे खोटं नाही. पण १९२५ चे नियम बदलून सर्वांना मत मिळालं, ते १९३७ च्या संपामुळे. आणि खुर्ची मिळाली ती मात्र ऑड्रीला. सरकार जेव्हा एखाद्या बाईला नेमतं, तेव्हा नेमण्याजोगी बाई कोणती हेही सरकारच ठरवतं.

अधिकारी कुणाचे?

आपण अधिकाऱ्यांना फार शिव्या देतो, म्हणून एक वेगळं उदाहरण सांगते. १९३७ च्या संपानंतर गव्हर्नर मर्चिसन फ्लेचर आणि हंगामी वसाहत सचिव हॉवर्ड नॅनकिव्हेल यांनी कौन्सिलात उभं राहून सांगितलं की मजुरांच्या तक्रारी खऱ्या आहेत, मजुरी अपुरी आहे, आणि कंपन्या भरपूर नफा कमावतात. सभागृहातल्या बड्या सभासदांना हे सहन झालं नाही. तेल आणि साखर कंपन्यांनी लंडनपर्यंत ओरड केली. वर्ष संपायच्या आत फ्लेचरना राजीनामा द्यावा लागला. नॅनकिव्हेलना सायप्रसला बदली करून पाठवलं. तेव्हा अधिकारी वाईट असतो किंवा चांगला असतो, एवढ्याने भागत नाही. त्याच्या मागे कुणाचं बळ आहे आणि त्याची बदली कोण करू शकतं, हे विचारायला हवं.

मग ब्रिटिश सरकारने सगळ्या वेस्ट इंडीजसाठी लॉर्ड मॉइन यांचं कमिशन नेमलं. त्यात डॉ. मेरी ब्लॅकलॉक आणि डेम रेचल क्राउडी या दोन स्त्रिया होत्या. कमिशनला दिसलेली परिस्थिती इतकी भयंकर होती की युद्ध चालू असताना शत्रूच्या हाती कोलीत नको म्हणून पूर्ण अहवाल १९४५ पर्यंत दाबून ठेवला. घरं, आरोग्य, शाळा यांवर त्यात चांगल्या शिफारशी होत्या. पण बायकांच्या बाबतीत सूर असा की लोक लग्न न करता राहतात हीच मोठी सामाजिक व्याधी. शेजारच्या जमैकात तर गव्हर्नरच्या पत्नीने सामुदायिक लग्नांची मोहीम काढली. ज्या बाईला आठवडाभर काम मिळत नाही, जिच्या माणसाला काम मिळत नाही, तिला अंगठी घातली की तिची गरिबी जाईल, असा तो कारभार. लग्नं फारशी वाढली नाहीतच. कल्याणकारी योजना आखणारे बाईकडे कोणत्या नजरेने बघतात, हा मुद्दा आजही आपल्या कामाचा आहे.

मत सर्वांना, पण...

१९४१ साली मताधिकार ठरवायला समिती बसली. सर्व सज्ञान स्त्री-पुरुषांना मत द्यायचं ठरलं, पण बहुमताने एक मेख मारली: मतदाराला बोललेलं इंग्रजी समजलं पाहिजे. याने कोण बाहेर जाणार होतं? गिरमिटियांच्या घरातले हिंदी लोक. त्यातही बायका, कारण मुलींना शाळेत पाठवणारी घरं थोडी. शेतात राबणारी, भोजपुरी बोलणारी म्हातारी बाई. रिएन्झींनी या अटीला विरोध केला, हिंदी समाजाने सभा घेतल्या, अर्ज केले, आणि अट अखेर गळाली. १ जुलै १९४६ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. निवडून येणाऱ्या जागा मात्र नऊच.

याच सुमारास, १९४५ च्या कायद्याने, हिंदू विवाहाला मान्यता मिळाली. तोवर काय होतं? पुरोहिताने लावलेलं, सगळ्या गावासमोर झालेलं लग्न सरकारी दफ्तरात वेगळं नोंदवलं नसेल, तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. बाई कायद्याने बायको नव्हती, मुलं अनौरस ठरत, नवरा मेला तर जमिनीवर हक्क सांगता येत नसे. मुस्लिम विवाहाचा कायदा आधीच, तिसाच्या दशकात, झाला होता. हिंदूंची मागणी न्याय्यच होती. शंभर वर्षं त्या बेटावर राबलेल्या समाजाची ती प्रतिष्ठेची लढाई होती.

पण त्या कायद्यांत लग्नाचं वय काय लिहिलं? हिंदू मुलीसाठी चौदा, मुलासाठी अठरा. मुस्लिम मुलीसाठी बारा, मुलासाठी सोळा. आपल्या १९२९ च्या सारडा कायद्यातही मुलीचं वय चौदाच होतं. आपण ते पुढे वाढवलं. तिथे समाजाचे पुढारी आणि सरकार यांच्यात ठरलं आणि ते तसंच राहिलं. ज्या विधिमंडळाने हा कायदा केला, त्यात तेव्हा एकही बाई नव्हती.

पुढच्या पायऱ्या भराभर आल्या. १९५० मध्ये निवडून येणाऱ्या जागा अठरा झाल्या. त्यासाठी एकशे एक्केचाळीस उमेदवार उभे राहिले, त्यात बरेच अपक्ष. १९५६ मध्ये डॉ. एरिक विल्यम्स यांच्या पीएनएम पक्षाने चोवीसपैकी तेरा जागा जिंकल्या. पाच जागा तेव्हाही नेमणुकीच्याच होत्या. त्यातल्या दोन पक्षाच्या पसंतीने भरल्या गेल्या, तेव्हा कुठे सरकार चालवण्याइतकं बळ आलं. पक्ष उभा राहिला तो बायकांच्या जिवावर. घरोघर जाणं, पैसे गोळा करणं, सभांना माणसं आणणं, ही कामं महिला आघाडीने केली. या आघाडीच्या एक संघटक इझाबेल टेशिया १९६१ साली लोकप्रतिनिधिगृहात निवडून आल्या. तिथे निवडून आलेली ही पहिली बाई. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्रिनिदाद आणि टोबॅगो स्वतंत्र झालं आणि १९६३ मध्ये टेशिया आरोग्यमंत्री झाल्या. मत मिळाल्यापासून बाई निवडून जाईपर्यंत पंधरा वर्षं गेली.

आणि लग्नाचं वय? स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, प्रजासत्ताक झालं. २०१० मध्ये कमला प्रसाद-बिसेसर या गिरमिटियांच्या वंशातल्या बाई देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. २०२५ मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या. पण चौदा आणि बारा हे आकडे २०१७ पर्यंत कायद्यात तसेच होते. स्त्री संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. काही धार्मिक पुढारी म्हणत होते, हा आमच्या धर्मात हस्तक्षेप आहे. २०१७ मध्ये संसदेने सगळ्या धर्मांसाठी अठरा वर्षं हे वय ठरवलं. हिंदू विवाह कायद्यापासून मोजली तर बहात्तर वर्षं झाली! एवढ्या काळात आजीचं, आईचं आणि मुलीचं, अशी तिघींची लग्नं होऊन गेली असतील.

आपण यातून काय घ्यायचं?

स्वराज्य पायरीने येतं आणि प्रत्येक पायरीवर कुणाला तरी सांगितलं जातं की तू थांब, तुझं नंतर बघू. त्रिनिदादमध्ये आधी बिगरगोऱ्यांना थांबवलं, मग गरिबांना, मग इंग्रजी न येणाऱ्यांना. या प्रत्येक रांगेत बायका होत्या, आणि रांग पुढे सरकली की त्या पुन्हा मागे उभ्या राहिलेल्या दिसतात. समाजाला न्याय मिळाला म्हणजे समाजातल्या बाईला मिळाला, असं होत नाही. तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो समाजाची लढाई चालू असतानाच विचारावा लागतो. १९४५ मध्ये तो विचारला गेला नाही. मग पुढच्या पिढ्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

तुम्ही निवडून आलेल्या आहात, नेमलेल्या नाही. पण आरक्षणाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला गावातले पुढारी नेमलेल्यासारखंच वागवतात. म्हणून गटचर्चेसाठी तीन प्रश्न देते. तुमच्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत गेल्या वर्षात झालेल्या ठरावांपैकी कोणता ठराव तुम्ही मांडलेला होता? ज्या योजनेवर तुमची सही आहे, तिची यादी कुणी केली आणि त्यातून कोणत्या बायका गळल्या? आणि एखादा अधिकारी तुमच्या बाजूने उभा राहिला, तर त्याची बदली होऊ नये म्हणून त्याच्यामागे उभ्या राहायला तुमच्याकडे किती बायका आहेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्या. संख्या लहान असली तरी चालेल. चहानंतर गटांत बसू, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.